साळोख्यांच्या घराचं जुळं

बजरंग साळोखे आयुष्यात तीनदा तुरुंगात जाऊन आले होते, दोनदा पोलिसांची लाठी डोक्यावर झेलली होती आणि एकदा मालकांच्या माणसांनी त्यांना विहिरीच्या काठावर उलटं धरलं होतं. तेव्हाही आपल्याला घाम फुटला नाही, असं ते सांगत. थोडा फुटलाच असणार, पण सांगणाऱ्याला तेवढी सूट द्यावी लागते. मंगळवारी सकाळी सव्वाअकराला मात्र, शिरटेक नगरपालिकेच्या थंडगार खोलीत बसल्या बसल्या, त्यांना खरोखरीचा घाम फुटला.

समोरच्या पडद्यावर त्यांचं घर होतं. कामगार चाळ, पाचवी गल्ली, घर नंबर सतरा. वर लिहिलं होतं, ‘व्यक्ती योजना, महिना आठवा’. आणि घरात दोनाच्या जागी एकच माणूस दिसत होता.

“हे काय? ही कुठं गेली?” त्यांनी विचारलं.

मैथिली गवस ही सांख्यिकी खात्याकडून आलेली अभियंता मुलगी. हे यंत्र तीच चालवायची. तिनं आधी पडद्याकडे आणि मग बजरंगरावांकडे पाहिलं, आणि शक्य तितक्या हळू आवाजात सांगितलं, “काकू घर सोडून गेल्यात, काका. शंभरातल्या एक्क्याऐंशी वेळा जातात. बहुतेकदा सातव्या महिन्यात.”

“कुठं जाते?”

“बहिणीकडे. आजऱ्याला.”

बजरंगरावांनी हसून घालवायचं ठरवलं, पण हसू काही आलं नाही. यंत्राला आजऱ्याची मेहुणीसुद्धा माहीत होती.

*

या यंत्राला कागदोपत्री लांबलचक नाव होतं, पण शिरटेकमध्ये सगळे त्याला ‘जुळं’ म्हणत. गावात दोन लाख अकरा हजार माणसं होती, तेवढीच माणसं संगणकाच्या आत राहत होती. प्रत्येकाचं एक जुळं. विजेचं बिल, एसटीची तिकिटं, रेशनची उचल, दवाखान्याचे कागद, शाळेचे दाखले आणि त्याखेरीज घरोघरी जाऊन भरून घेतलेली दोनशे चौदा प्रश्नांची प्रश्नावली, एवढ्या सामग्रीतून ती घडवलेली होती. जुळी माणसं सकाळी उठत, भांडत, कामाला जात, आजारी पडत, लग्नं ठरवत. फक्त त्यांचा एक महिना आपल्या तीन-चार मिनिटांत उरकायचा.

त्यांच्यापुढे एखादा नवा नियम टाकायचा आणि पाच वर्षांनी काय होतं ते पाहायचं. पण एकदा पाहून भागत नाही. माणसाची कधी बस चुकते, कधी तो पाय घसरून पडतो आणि पुढचं सगळं बदलतं. म्हणून तीच पाच वर्षं शंभर वेळा चालवायची, दर खेपेला असे लहानसहान अपघात बदलून. शंभरातल्या नव्वद वेळा एकच गोष्ट घडली तर ती घडणार असं धरून चालायचं. पावसाचा अंदाज सांगणारे हेच करतात, इथं ढगांच्या जागी माणसं होती.

हा सगळा खटाटोप कशासाठी, तर मूळ उत्पन्नासाठी. शिरटेकच्या यंत्रमागांवर माणूस उरला नाही, त्याला सहा वर्षं होऊन गेली होती. माग चालत होते, कापड निघत होतं, शेडमध्ये दिवेसुद्धा लावावे लागत नव्हते. अखेर राज्यानं अशा यंत्रांवर कर बसवला आणि कायदा केला की, त्यातून प्रत्येक नागरिकाला दरमहा जगण्यापुरती रक्कम द्यायची. काम असो वा नसो, गरीब असो वा श्रीमंत. सुरुवातीला चाळीस शहरं निवडली. पैसे प्रत्येक व्यक्तीच्या हातात द्यायचे, म्हणजे व्यक्ती योजना, की माणशी हिशेबानं कुटुंबप्रमुखाच्या एकाच खात्यात, म्हणजे कुटुंब योजना, हे त्या त्या शहरानं ठरवायचं होतं. त्यासाठी तीन जणांची समिती. समितीनं जुळं पाहायचं आणि मत द्यायचं. निर्णय पाच वर्षं बदलता येणार नव्हता.

शिरटेकची समिती बघून लोक हसले होते. एक बजरंगराव, लाल झेंड्याच्या कामगार संघटनेचे. उपाशी राहण्याची भीती हाच मालकाच्या हातातला चाबूक आहे, तो काढून घेतला की माणूस ताठ मानेनं काम मागेल, नाहीतर ताठ मानेनं नाही म्हणेल, हे त्यांचं भाषण गावाला पाठ होतं. तीस वर्षं ते हेच मागत आले होते, आणि प्रत्येक माणसाच्या स्वतःच्या हातात, हे शेवटचं वाक्य ते टेबलावर मूठ आपटून म्हणत.

दुसरे शांतिनाथ चौगुले, चारशे मागांचे मालक. त्यांनाही व्यक्ती योजनाच हवी होती. सरकारनं माणसाच्या हातात पैसे ठेवावेत आणि वाटेतून बाजूला व्हावं. मग त्यानं औषध घ्यावं, नाहीतर दारू प्यावी, ज्याचा तो मुखत्यार, असं त्यांचं म्हणणं. एकदा पैसे मिळू लागले की रेशनचं दुकान आणि नगरपालिकेचा दवाखाना कशाला, हेही ते लपवत नसत.

तिसऱ्या इनामदार बाई, निवृत्त मुख्याध्यापिका, कुटुंब संस्कार मंडळाच्या अध्यक्ष. बाईला पोटासाठी उंबरा ओलांडायला लागू नये, घर एकसंध राहावं, म्हणून त्यांना मूळ उत्पन्न हवं होतं. पैसा वेगवेगळ्या खिशांत गेला की माणसं वेगवेगळ्या खोल्यांत जातात, असं त्या म्हणत. त्यांचं मत कुटुंब योजनेला होतं.

तिघांना पैसे एकच वाटायचे होते, पण तिघांच्या डोळ्यांपुढचा माणूस निराळा होता. मतं एकास एक झाली, राहिलं ते बजरंगरावांचं. ते काय देणार हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

नियम एकच होता की, दुसऱ्या कोणाचं घर उघडून बघायचं नाही. फक्त स्वतःचं बघायचं. आपलं घर आपल्या ओळखीचं असतं, तिथलं यंत्रानं बरोबर दाखवलं तर बाकीच्या गावावर विश्वास ठेवता येतो, म्हणून. चौगुल्यांनी आपलं घर पाहिलं. त्यात मुलगा धंदा सोडून कुत्र्यांचा दवाखाना काढत होता. ते खो खो हसले. बाई एकट्याच राहत. त्यांच्या घरात बघण्यासारखं काही निघालं नाही. आणि मग बजरंगरावांची पाळी आली.

“कुटुंब योजना टाका बघू,” ते म्हणाले.

मैथिलीनं ती टाकली. महिना आठवा, दोन माणसं. वर्ष पाचवं, दोन माणसं. बजरंगरावांनी तेवढंच पाहिलं आणि पिशवी उचलून बाहेर पडले.

मत शुक्रवारी द्यायचं होतं.

*

उज्ज्वला खिडकीपाशी बसून साडीला फॉल लावत होती. सकाळपासून हा चौथा. बजरंगराव दारात उभे राहिले आणि बायकोकडे बघत राहिले. लग्नाला छत्तीस वर्षं झाली होती. तिनं चष्मा कधी बदलला हे त्यांना आठवेना.

“काय झालं?” तिनं मान वर न करता विचारलं. “मत दिलं?”

“न्हाई अजून.”

“मग बसा की. उभं काय राहिलाय, वसुलीला आल्यागत?”

ते बसले आणि लगेच उठले. स्वयंपाकघरात गेले. एक कप विसळला, दुसरा विसळताना फोडला. बाहेर येऊन म्हणाले, “आज बाहेर जेवायला जाऊया काय?”

उज्ज्वलानं सुई साडीत टोचून ठेवली, उठली आणि त्यांच्या कपाळाला हात लावून बघितला.

तो सगळा दिवस आणि पुढचा अर्धा त्यांनी असाच काढला. भाजी आणली, तीही नको ती. तिच्यासाठी गजरा आणला. तिनं घेतला आणि देवापुढे ठेवला. दर पाच मिनिटांनी काहीतरी विचारत राहिले, पण विचारायचं ते सोडून. घरात पाय ठरेना, म्हणून संघटनेच्या कचेरीत जाऊन बसले, तर तिथं जुने सभासद त्यांचीच वाट बघत होते. कचेरी म्हणजे एक खोली, तीन बाकं आणि भिंतीवर पुढाऱ्यांच्या तसबिरी.

“बजरंगआप्पा, एक सांगू काय,” त्यांतला एक जण चाचरत म्हणाला, “पैसं एकाच खात्यात आल्यालं बरं पडंल. उगंच घराघरात दोन चुली कशाला?”

एरवी बजरंगरावांनी त्याला बाकावरून उठवला असता. त्या दिवशी ते म्हणाले, “बघू.”

“बघू” म्हटल्यावर सगळ्यांनी आधी एकमेकांकडे पाहिलं. मग सगळे खुशीत येऊन बोलू लागले. आणि खरी लाज वाटण्यासारखी गोष्ट पुढेच आहे. परत येताना बजरंगरावांच्या डोक्यात एक भाषण आपोआप तयार होऊ लागलं. कुटुंब हीच कष्टकऱ्यांची पहिली संघटना. ज्याच्या घरात फूट त्याच्या संपात फूट. भांडवलदाराला एकेकटा माणूस हवा असतो, बघा, चौगुले शेठ कोणत्या बाजूला आहेत! भाषण झकास होतं. टाळ्या पडल्या असत्या. कोपऱ्यावरच्या टपरीपाशी त्यांना स्वतःचाच असा राग आला की, ते चार पावलं उलटे चालले.

वाटेत इनामदार बाई भेटल्या. हातात मंडळाची पत्रकं होती.

“साळोखे, माझ्या वडिलांचा पगार, काकांचा पगार, सगळा एका डब्यात पडायचा,” त्या सौम्यपणे म्हणाल्या. “अकरा माणसं जगली त्यावर. तुम्हाला वाटतं तशी मी बायकांची वैरी नाही. घर मोडलं की आधी बाईच रस्त्यावर येते, हे मी शाळेत तीस वर्षं पाहिलंय.”

बाई खोटं बोलत नव्हत्या, हीच पंचाईत होती.

*

गुरुवारी दुपारी जेवण झाल्यावर त्यांना आणखी दम निघेना. उज्ज्वला पुन्हा साडी घेऊन बसली होती. ते तिच्यासमोर जमिनीवरच बसले.

“जुळ्यात आपलं घर बघितलं,” ते म्हणाले.

“बरं मग?”

“माणशी पैसे दिले, तर सात महिन्यांनी तू जातीस.”

“कुठं जाते?”

“आजऱ्याला. ताईकडं. ऱ्हायलाच.”

तिची सुई थांबली. पण ती रागावली नाही की हसली नाही.

“माझं जुळं त्यांनी केलं कशावरनं? मला तर कोण काय विचारायला आलं न्हाई.”

“आलेली की ती पोरं, फॉर्म घेऊन. तुझं मीच सांगितलं.”

“तवा मी आतच होते. चहा मीच दिला त्यांना.”

“व्हय.” बजरंगराव खाली बघू लागले. “समद्या घरांत असंच झालंय म्हणं. गडीमाणसानंच सांगितलं. कुटुंबप्रमुख म्हणून पहिलं नाव असतंय, म्हणून सगळं त्यालाच विचारत्यात.”

“काय काय सांगितलंसा माझं?”

ती थांबून राहिली. छत्तीस वर्षांत तिनं कुठल्या उत्तरासाठी असं थांबल्याचं त्यांना आठवत नव्हतं. मग त्यांनी आठवून आठवून सांगायला सुरुवात केली. बाई काय काम करते? काही नाही, घरीच असते, बसल्या बसल्या साड्यांना फॉल लावते. नवऱ्याशी दिवसाला किती वेळ बोलते? जेवायला वाढताना, दहा मिनिटं. गेल्या वर्षात स्वतःसाठी काय मागितलं? काही नाही. शेवटी कधी रडताना पाहिलं? पोरगी पुण्याला गेली तेव्हा, मोरीत नळ सोडून. रडण्याचं कारण विचारलं होतं का? नाही, मीटिंग होती. तिला काय शिकायचं होतं? नर्सिंग. मग का राहिलं? माझी पहिली अटक झाली त्या साली. अडचणीत ती कोणाकडे जाईल? आजऱ्याला बहीण आहे, काजूच्या कारखान्यात आहे, तिच्याकडे.

बजरंगरावांना खोटं लिहून द्यायची सवय नव्हती. सरकारी कागद आणि तोही आपल्याच योजनेचा, म्हणून त्यांनी सगळं खरं सांगितलं होतं.

उज्ज्वलानं चष्मा काढून पदरानं पुसला.

“एवढं सगळं तुम्हाला ठावं होतं व्हय?” ती म्हणाली.

तिनं हे आवाज चढवून विचारलं असतं तर बरं झालं असतं. बजरंगरावांना वाटायचं, आपलं घराकडे लक्ष नव्हतं, चळवळीच्या नादात दिसलं नाही, आणि हे कबूल करायला ते केव्हाही तयार होते. पण त्यांना सगळं दिसत होतं. प्रश्न विचारल्याबरोबर एकेक उत्तर जिभेवर हजर होतं. आता सबब म्हणून सांगायला काही उरलं नाही.

“छत्तीस वर्षांत मला एकदासुदीक सुचलं न्हाई बघा,” ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, “की जावं म्हणून.”

बजरंगरावांना हे ऐकून जरा बरं वाटलं. वाटायला नको होतं.

“आणि दुसऱ्यात?” तिनं विचारलं. “ते पैसं एका खात्यात येणार, त्यात?”

“त्यात तू ऱ्हातीस. पाच वर्षं बघितली मी.”

“आणि काय करते?”

“काय म्हंजे?”

“ती ऱ्हायलेली बाई. दिवसभर करते काय? कशी असते?”

ते त्यांनी पाहिलं नव्हतं. दोन माणसं आहेत एवढं मोजून ते निघून आले होते.

“जावा, बघून या,” उज्ज्वला म्हणाली आणि सुईत दोरा ओवायला लागली.

*

मैथिलीनं खोलीचं दार लावून घेतलं आणि सतरा नंबरचं घर पुन्हा उघडलं. कुटुंब योजना. या वेळी बजरंगरावांनी तिला घाई करू दिली नाही. एकेक महिना बघितला.

जुळ्यांचा दिवस पडद्यावर रंगीत पट्टीसारखा दिसायचा. झोप निळी, काम पिवळं, बोलणं हिरवं. पहिल्या वर्षी उज्ज्वलाच्या पट्टीत हिरवी रेघ होती, बोटाच्या नखाएवढी. दुसऱ्या वर्षी फॉल लावायचं काम बंद झालं, कारण जुळ्या बजरंगनं सांगितलं की, दोघांचे पैसे माझ्या खात्यात येतात, आता गरज काय. आजऱ्याच्या फेऱ्या वर्षाला चारवरून एकीवर आल्या. गाडीभाडं मागावं लागत होतं, म्हणून. तिसऱ्या वर्षी हिरवं संपलं. त्याऐवजी एक करडा रंग वाढत चालला.

“हा करडा कशाचा?”

“त्या वेळात माणूस काहीच करत नसतं,” मैथिली म्हणाली. “झोपलेलं नसतं, बोलत नसतं, टीव्ही बघत नसतं. नुसतं बसलेलं असतं.”

“किती हाय?”

“पाचव्या वर्षी रोजचे सहा तास.”

“आणि मी? मी त्या वेळी कुठं असतो?”

“घरातच असता की बहुतेक वेळा.” तिनं पुढचं वाक्य बोलावं की नाही याचा विचार केला. “तुमच्या जुळ्याला हे लक्षात आल्याची शंभरातल्या एकाही खेपेत नोंद नाही, काका.”

“मशीन चुकत असंल.”

“चुकतं ना. तिच्या बाबतीत नक्की चुकत असेल, तिला आपण विचारलेलंच नाही. गावातल्या सगळ्याच बायकांच्या बाबतीत ही भीती आहे, मी तसा शेरा लिहिलाय अहवालात.” मैथिलीनं पडदा बंद केला. “पण तुमचं जुळं तुमच्याच उत्तरांवरून केलंय.”

बजरंगराव बराच वेळ तिथं बसून राहिले. नंतर त्यांना उमगलं की, आपणही काहीच करत नाही आहोत, नुसते बसलो आहोत, आणि ते घाईघाईनं उठले.

घरी गेल्यावर उज्ज्वलानं विचारलं, “बघितलं?”

“बघितलं.”

“कशी हाय?”

त्यांना सांगता येईना. शब्दांवर पोट भरलेला माणूस तो, पण भिंतीला टेकून उभा राहिला आणि डोळे भरून आले. तिनं तेवढ्यावरून ओळखलं. ती उठली, पाण्याचा तांब्या त्यांच्या हातात दिला आणि म्हणाली, “उद्या मत नीट द्या. माझ्याकडं बघून देऊ नका.”

*

शुक्रवारी समितीच्या टेबलावर तीन कागद होते. इनामदार बाईंनी आधीच सही केली होती, चौगुल्यांनीही. बजरंगरावांनी उभ्यानंच कागद ओढला आणि ‘व्यक्ती’ या शब्दापुढे सही ठोकली. पेनाचं टोक कागदातून आरपार गेलं.

चौगुल्यांनी हात पुढे केला. “बजरंगराव, तीस वर्षांत पहिल्यांदा आपण एका बाजूला!”

“आजच्या दिवस, शेठ. उद्या रेशनचं दुकान बंद करायला आलासा, तर दारात मी आडवा पडलेला असणार.”

“तो माझा पुढचा मुद्दा आहे, सोडणार नाही,” चौगुले हसत म्हणाले.

बाई मात्र हसल्या नाहीत. “साळोखे, मंगळवारी तुम्ही या खोलीतून बाहेर पडलात तेव्हा तुमचा चेहरा पाहिला होता मी. घरात काय दिसलं ते विचारत नाही. पण ते पाहूनही असं मत?”

“बाई,” बजरंगराव म्हणाले, “घर टिकलं की मोडलं, एवढंच बघितलं मी आधी. तुम्हीपण तेवढंच बघताय. टिकलेल्या घरात बाई कशी हाय, ते एकदा बघा. मग बोलू.”

बाईंनी पत्रकांचा गठ्ठा सरळ केला.

संध्याकाळी गावभर फटाके वाजले. एक तारखेपासून प्रत्येकाच्या नावावर पैसे येणार होते. दोन लाख अकरा हजार नावं. सभासदांनी बजरंगरावांना खांद्यावर घेतलं. ज्यांना एकच खातं हवं होतं तेही त्यांत होते, कारण विजय शेवटी विजय असतो. बजरंगरावांनी भाषण केलं आणि मूठ आपटली. पण भाषणभर ते गर्दीत एक चेहरा शोधत होते, आणि तो तिथं नव्हता. तो कधीच सभेला येत नसे, हेही त्यांना ठाऊकच होतं.

त्यांनी मनाशी हिशेब केला की, आपल्याकडे सात महिने आहेत. सात महिन्यांत माणूस पुष्कळ बदलू शकतो. त्यांनी बदलायला सुरुवातही केली. कचेरीची किल्ली दुसऱ्याकडे दिली, संध्याकाळी घरी बसू लागले, उज्ज्वलाला नर्सिंगचं विचारलं. ती बोललीही, अर्धा अर्धा तास. कोणत्या कॉलेजात जायचं होतं, बरोबर कोण मैत्रीण होती, पांढऱ्या बुटांचं तिला केवढं अप्रूप होतं. बजरंगरावांना वाटू लागलं की, आपण त्या एक्क्याऐंशीतून निसटून एकोणिसात आलो. चार दिवस त्यांना झोपही छान लागली.

पाचव्या दिवशी, महिना संपायला आठवडा असताना, ते भाजी घेऊन आले तेव्हा उज्ज्वला नेहमीच्या सुती साडीत, केस बांधून, दारात बसली होती. शेजारी एक सुटकेस होती.

“साडेबाराची आजरा गाडी हाय,” ती म्हणाली. “स्टँडपर्यंत येताय काय? बॅग जड झालीय.”

*

स्टँडवर भर दुपारचं ऊन होतं आणि गाडी लागायची होती. बजरंगराव सुटकेस दोन्ही हातांत धरून उभे होते, खाली ठेवली तर काहीतरी नक्की होऊन बसेल असं त्यांना वाटत होतं.

“मी सुधारतोय की गं,” ते शेवटी म्हणाले. “बघतीयास नव्हं तू?”

“बघते की. खरंच सुधारलाय.” तिनं त्यांच्या सदऱ्याची कॉलर सरळ केली. “माझा राग न्हाई. पण त्या दिवशी तुम्ही सांगितलंसा ना, मी जाते म्हणून, तवापासनं मला दुसरं काय सुचंनाच झालंय. ताईनं कारखान्यात विचारलंय. बायकांची पाळी सकाळची असते. दुपारनंतर तिथल्या दवाखान्यात म्हाताऱ्या माणसांचं बघायला बाया पाहिजेत, ते शिकवत्यात.”

“मग आत्ताच कशाला? आठ दिवसांत पैसे येतील तुझ्या नावावर. ते हातात घेऊन जा. ते तुझेच हैत. तेवढ्यासाठी तर सगळं केलं.”

“म्हणून तर आजच निघाले.”

त्यांना कळलं नाही. गाडी फलाटाला लागली, माणसं दाराशी गर्दी करू लागली. उज्ज्वलानं त्यांच्या हातातून सुटकेस घेतली.

“पैसं आल्यावर गेले असते, तर सगळ्या गावानं काय म्हटलं असतं? साळोख्यांच्या योजनेनं पहिलं साळोख्यांचंच घर मोडलं. इनामदार बाई सभेत तेच सांगत फिरल्या असत्या, आणि बाकीच्या गड्यांनी आपापल्या बायकांना धाक घातला असता. त्यासाठी तीस वर्षं मार खाल्लासा तुम्ही.” ती पायरीवर चढली आणि वळून म्हणाली, “आता कुणाला तसं म्हणता येणार न्हाई. मी पैशाशिवाय गेले. विचारलं कुणी तर तसंच सांगा.”

कंडक्टरनं दार ओढून घेतलं. ती खिडकीशी जाऊन बसली, आणि गाडी वळून रस्त्याला लागेपर्यंत दिसत होती.

बजरंग साळोखे त्या उन्हात, सगळ्यांच्या देखत, तोंड न झाकता रडले. मोर्चे, संप, उपोषणं, सगळ्यांत त्यांनी माणसं पारखली होती. आपल्या स्वार्थाआधी लढ्याचं बघणारा माणूस हजारात एखादा निघतो, असं ते नव्या पोरांना सांगत. तो माणूस छत्तीस वर्षं त्यांच्याच घरात चहा करत होता, आणि संघटनेच्या यादीत त्याचं नाव कधी लिहिलंच गेलं नव्हतं.